बाविसावी फ्रेम

तारीख चौदा नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी धुकं, साडेनऊनंतर स्वच्छ पण थंड ऊन, वारा नसल्यातच जमा. त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्यावर पहिल्यांदा उजेड पडला.

मी कॅमेऱ्यातला रोल. कृष्णधवल, छत्तीस फोटोंचा. माझं जे झालं ते मी क्रमानेच सांगणार आहे, कारण क्रम सोडून मला दुसरं काही येत नाही. एक, दोन, तीन, चार, अशा छत्तीस फ्रेम, हाच माझा पिंड.

माझा जन्म मिट्ट अंधारातला. कारखान्यात आम्हाला जिथे कापतात तिथे दिवा लावायची सोय नसते. कामगार नुसत्या हाताच्या अंदाजाने काम करतात. मला डबीत भरणारीची बोटं गार होती आणि ती कुणाशी तरी भाजी महाग झाल्याचं बोलत होती. एवढंच आठवतं. डबीबाहेर राहिली ती दोन बोटं लांबीची माझी जीभ. नवा रोल ओळखायचा तो तिच्यावरून. जीभ बाहेर असली की रोल कोरा, असं सगळे धरून चालतात.

माझं बघणं कसं असतं तेही सांगून टाकतो. कॅमेऱ्याचं बटण दाबलं की सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतका वेळ पडदा उघडतो. तेवढंच माझं बघणं. बाकी सगळा काळोख. ऐकू मात्र सतत येतं.

मला विकत घेतलं ते दादाने. तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता आणि रोल घरीच, न्हाणीघरात, स्वतः धुवायचा. घरात तिघंच: दादा, त्याची धाकटी बहीण आणि वडील. आई मुलं लहान असतानाच गेलेली. वडील शिंपी होते. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणत. मुलीला ते ठमे म्हणून हाक मारायचे, आणि चोवीस वर्षांची घोडी झाली तरी ती त्या हाकेला ओ द्यायची.

या मास्तरांना एक खोड होती. कॅमेरा समोर आला की ते वळायचे. मुद्दाम नव्हे, शिंक यायची, सुई पडायची, कुणीतरी हाक मारायचं. घरात तीन जाडजूड अल्बम होते आणि त्यांत मास्तरांची पाठ होती, कोपर होतं, टक्कल होतं. चेहरा नव्हता. एकोणिसाव्या वर्षीचा तिकिटाएवढा एक फोटो कुठल्याशा दाखल्यावर होता, पण त्यावर शिक्का बसला होता, बरोबर नाकावर.

"बाबा, तुमचा एक तरी फोटो हवा ना घरात," ठमी म्हणायची.

"कशाला? मी आहे ना घरात," ते म्हणायचे.

ठमीचं लग्न नोंदणी कार्यालयात झालं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून दादा त्याला मागे लिफ्टवाला म्हणायचा आणि समोरही. दोन खोल्यांचं कार्यालय, एक लांब बाक, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. ठमीच्या अंगात वडिलांनी शिवलेला राखाडी लांब कोट. कारकून जाड चष्म्याचा आणि गमत्या होता.

"नवरीची सही इथे. नवरदेवाची त्याच्या खाली," तो म्हणाला. "आणि आता हे असंच राहणार, तक्रार करायची नाही."

सगळे हसले. ती माझी दुसरी फ्रेम. मग दुपारी एका छोट्या हॉलमध्ये जेवण. मिळून चाळीसेक माणसं.

मास्तर माझ्यात सात वेळा आले. तिसऱ्या फ्रेममध्ये ते कार्यालयाच्या दारात पाठमोरे होते. आठव्यात तोंडावर हात. अकराव्यात खाली वाकून कुणाच्या तरी कोटाचा लोंबता धागा तोडत होते. सतराव्यात रुमाल. एकोणतिसाव्यात आणि चौतिसाव्यात नुसती मान वळलेली. राहिली बाविसावी. तिचंच सांगायचं आहे.

दादाने त्यांना धरून खुर्चीत बसवलं.

"बाबा, या एका फोटोला हलायचं नाही. लेकीचं लग्न आहे."

"अरे मी कुठे हलतो! तुझा कॅमेराच हलतो."

"श्वास धरून बसा."

"धरला. सोडायचा कधी तेवढं सांग, नाहीतर आजच्याच दिवशी पोचवशील मला."

ठमीच्या हसण्याचा आवाज मी ऐकला. दादाने बटण दाबलं, आणि नेमकं त्याच क्षणी हॉलच्या रखवालदाराने खुर्च्यांचं काहीतरी विचारायला दारातून हाक मारली, "मास्तर!"

दादाच्या कॅमेऱ्यात एक आरसा आहे. बटण दाबलं की तो वर उचलला जातो आणि तेवढा क्षण फोटो काढणाऱ्याला काहीच दिसत नाही. काही म्हणजे काहीच नाही. त्या क्षणी बघणारा मी एकटाच. मी काय पाहिलं, तर मास्तरांचा उजवा कान, मानेवरची वळी आणि डोक्याची मागची बाजू. आरसा खाली आला तोवर ते पुन्हा समोर बघत होते.

"हा आला!" दादा म्हणाला. "ठमे, हा शंभर टक्के आला. बाविसावा. लिहून ठेव."

तिने खरंच लिहून ठेवलं. वहीत नाही, तळहातावर, पेनाने; पुढच्याच फ्रेममध्ये मला ते दिसलं. मला हे सांगायची सोय नव्हती. मी रोल.

छत्तीस फोटो झाल्यावर दादाने मला डबीत उलटं गुंडाळलं. इतर लोक जीभ पूर्ण आत जाऊ देतात. दादा ती बाहेर ठेवायचा, म्हणजे न्हाणीघरातल्या अंधारात डबी फोडत बसायला नको. पण मग वापरलेला रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच. म्हणून तो वापरलेल्या रोलच्या जिभेचं टोक दुमडून ठेवायचा. ही त्याची स्वतःची पद्धत, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. त्या दिवशी तो टोक दुमडणार, एवढ्यात मास्तर ओरडले, "अरे, जेवण निवतंय, ठेव ते खेळणं!" दादाने मला बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात टाकलं. टोक सरळच राहिलं. त्या कप्प्यात दोन कोरे रोल आधीच होते.

सात डिसेंबर, रविवार, ढगाळ. मास्तर दुकानात कापडं कापायच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. पँट घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला वाटलं डुलकी लागली आहे, म्हणून तो भला माणूस वीस मिनिटं न बोलता उभा राहिला.

लग्नाचा रोल धुवायचं दादाच्याने होईना. ठमी आठवड्याला यायची आणि विचारायची.

"धुतो गं. हात लावायला गेलो की त्यांचा आवाज येतो. जरा थांब."

जानेवारी गेला. एका दुपारी ती त्याच्यासमोर बसून बोलली ते मी बॅगेतून ऐकलं. आवाज अगदी साधा होता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"दादा, मला बाबांचा चेहरा आठवेनासा झालाय."

"असं कसं होईल?"

"नाक आठवतं. भुवया आठवतात. चष्मा तर आठवतोच. पण सगळं मिळून एक माणूस होत नाही. काल तासभर प्रयत्न केला, दरवेळी तो मान वळवतो. मला तो बाविसावा फोटो हवा आहे. बाकी काही नको."

"पुढच्या महिन्यात धुतो. तुझी शपथ."

लग्नानंतर कुठे जाणं झालं नव्हतं, म्हणून फेब्रुवारीअखेर नवराबायको तीन दिवस मोठ्या शहरात फिरायला निघाली. दादाने कॅमेऱ्याची बॅग दिली. "बाजूच्या कप्प्यात दोन रोल आहेत, खुशाल संपवा." मी त्या कप्प्यात आहे हे तो विसरला होता. त्याच्या समजुतीने मी रोल धुवायच्या औषधांच्या कपाटात होतो, वरच्या फळीवर.

सत्तावीस फेब्रुवारी, शुक्रवार, पातळ ऊन. लिफ्टवाल्याने कप्प्यात हात घातला. तिघांच्याही जिभा बाहेर, तिन्ही सरळ. त्याने मला उचललं.

रोल दुसऱ्यांदा बसवला की फ्रेमवर फ्रेम कधीच नीट बसत नाही. अर्धी, पाव, थोडी तरी सरकतेच. बसवणारा दुसरा, हात दुसरा. मी सरकलो नाही. पहिल्यावर पहिली बसली, दुसऱ्यावर दुसरी, केसाचाही फरक नाही. मला तेव्हाच वाटलं की हे बरोबर नाही.

पडदा उघडला. नवा उजेड आत आला तो जुन्या माणसांच्या अंगावरून. स्टेशनच्या पायऱ्यांवर कार्यालयातला बाक, ठमीच्या गळ्याशी कारकुनाचा चष्मा. उजेडाचा स्वभाव असा की तो कुणाला विचारत नाही, सरळ पडतो. पण तिसऱ्या फ्रेमला तो अडला.

तिसऱ्या फ्रेममध्ये डाव्या हाताला मास्तर पाठमोरे उभे होते, तुम्हाला सांगितलंच. ठमी एका बंद दुकानाच्या शटरसमोर उभी राहिली. अगदी उजवीकडे.

"एवढी कडेला का?" लिफ्टवाला म्हणाला. "अर्ध्या फोटोत नुसतं शटर येतंय."

"येऊ दे. इथेच बरं वाटतंय."

आठव्या फ्रेमला ती जुन्या मनोऱ्याच्या जिन्यात होती आणि तिने खांदा आडवा केला होता. अरुंद जिन्यात वरून कुणी उतरत असलं की आपण अंग चोरतो, तसा. अकराव्याला तिचे डोळे स्वतःच्या कोटाच्या काठाकडे होते.

"काय झालं?"

"काही नाही. कोट कुणीतरी ओढल्यासारखा वाटला. खालून."

सतरावी फ्रेम पुलावर. लिफ्टवाला आता वैतागला होता. सकाळपासून त्याने तीन इमारतींच्या लिफ्ट बघून घेतल्या होत्या, एकीतल्या माणसाशी केबलवरून वादही घातला होता आणि त्याला भूक लागली होती.

"मध्ये सरक ना गं. ती बाजू मोकळी जाते दरवेळी."

"मोकळी कुठे आहे?" ती म्हणाली.

पुलाखाली पाणी वाहत होतं, ते ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "मी असं का म्हटलं?" आणि तो म्हणाला, "चल, आधी जेवू."

बाविसावी फ्रेम दुपारी तीनच्या सुमाराची. नदीकाठी लाकडी बाक. माझ्या त्या फ्रेममध्ये मास्तर उजवीकडे खुर्चीत बसलेले, डोकं मागे वळलेलं. ठमी येऊन बाकावर डावीकडे बसली, आणि उजवीकडे एक माणूस बसेल एवढी जागा सोडली. मोजून मापून, शिंप्याच्या मुलीने सोडावी तशी.

"बघ इकडे," लिफ्टवाला आठ पावलांवरून म्हणाला. "हं. हस."

ती हसली. बटण दाबलं गेलं. आरसा वर गेला. मी पाहिलं: ती समोर बघत होती, डोळे उघडे, दात दिसत होते. हे मी शपथेवर सांगतो. तिच्या शेजारच्या जागेत उजेड जो अडला तो अडलाच. पडदा मिटल्यावरही ती जागा माझ्यावर गरम राहिली.

"तू माझी कॉलर सरळ केलीस?" तिचा आवाज आला.

"मी? मी इथे आहे."

"मागून कुणीतरी नीट केली. बाबा करायचे तशी."

"वारा असेल."

वारा नव्हता. ते त्यालाही माहीत होतं.

एकोणतिसाव्या फ्रेमला मी वाट पाहिली. ठमी एका चौकात उभी राहिली, बरोबर मध्यभागी, जागा न सोडता. उजेड कुठेही अडला नाही. चौतिसाव्यालाही नाही. जिथे मी मास्तरांची वळलेली मान पाहिली होती तिथून उजेड सरळ आरपार आला.

आठ मार्च, रविवार, सकाळपासून ऊन. दोघं दादाकडे आली. लिफ्टवाल्याने टेबलावर रोल ठेवले. एक, दोन, तीन. तिघांच्याही जिभा आत. त्याने आम्हाला पूर्ण गुंडाळलं होतं.

"तीन?" दादा म्हणाला. "मी दोन दिले होते."

"कप्प्यात तीन होते, दादा."

दादा उठला, औषधांचं कपाट उघडलं, वरची फळी चाचपली. बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मग तो न वळता म्हणाला, "लग्नाचा होता तो."

"पण त्याची जीभ बाहेर होती! कोऱ्याचीच असते ना?"

"मी वापरलेल्याची दुमडतो."

"मला काय माहीत तुम्ही दुमडता! आणि एकाचीही दुमडलेली नव्हती. तिन्ही सरळ होत्या, मी तुम्हाला..."

"नव्हती दुमडली," दादा म्हणाला. "बाबांनी जेवायला हाक मारली आणि राहिलीच."

लिफ्टवाला म्हणाला, "म्हणजे दोनदा... एकावर एक?"

"एकावर एक. माणसाच्या तोंडावर पूल नाहीतर खिडकी. काय येईल सांगता येत नाही. बहुतेक सगळं पांढरं."

"बाविसावा काय होता तुझा?" ठमीने नवऱ्याला विचारलं.

"मी कुठे आकडे मोजतो गं?"

"मी मोजले," ती म्हणाली. "नदीकाठचा बाक. दादा, धुवायला घे."

"ठमे, आपण एखाद्या मोठ्या लॅबमध्ये विचारू. माझ्या हातून गेला तर मी जन्मभर..."

"आत्ता घे. मी दाराबाहेर बसते. तुझ्या हातून जाऊ दे, परक्याच्या हातून नको."

न्हाणीघराच्या खिडकीला मास्तरांच्या दुकानातलं अस्तराचं काळं कापड ठोकलेलं होतं. आमच्यातला कोण कोण आहे हे बाहेरून कळत नव्हतं, म्हणून दादाने एकेक करून धुवायला घेतलं. पहिला स्वच्छ आला, बागा आणि लिफ्ट. दुसराही स्वच्छ. आता उरलेला मीच, हे चौघांनाही कळलं, मला धरून.

एरवी दादा औषधात अकरा मिनिटं ठेवतो. दोनदा उजेड खाल्लेला म्हणून त्याने मला सातच ठेवलं. मोठ्याने मिनिटं मोजत होता. चौथ्या मिनिटाला त्याचा आवाज चिरकला, आणि दाराबाहेरून ठमीने पुढचे आकडे मोजायला सुरुवात केली. मग पाणी, मग दुसरं औषध, मग अर्धा तास वाहत्या नळाखाली.

मला चिमट्याला टांगून, वाळवून, सहा-सहाच्या पट्ट्यांत कापलं. कापताना दुखत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सगळ्या फ्रेम एकदम उजेडात आल्या आणि माझ्या मीच पाहिल्या. त्यानंतर मला काही सांगावंसं वाटेना, पण सुरू केलं आहे तर पुरं करतो.

लाल दिवा लावून दादाने चौथ्या पट्टीतली चौथी फ्रेम कागदावर घेतली. तिघंही आत आली, दार लावलं. कागद ट्रेमध्ये बुडाला. आधी नदी आली. मग बाकाच्या फळ्या. मग उजवीकडचं माणूस.

"बाबा," ठमी म्हणाली. बाकी काही नाही, दोन-तीन वेळा तेवढंच.

"म्हटलं होतं ना!" दादा रडत होता आणि हसतही होता. "म्हटलं होतं की नाही, बाविसावा आला म्हणून? बघ, सरळ समोर. हललेसुद्धा नाहीत!"

लिफ्टवाला ट्रेवर वाकला होता. तो म्हणाला, "पण हिचं असं कसं?"

"काय?"

"ही समोर बघत होती. मी हस म्हटलं, ही हसली."

"तू दाबलंस तेव्हा वळली असेल. त्या क्षणी आपल्याला दिसत नाही."

"मी वळले नव्हते," ठमी म्हणाली. ती अजून वडिलांकडेच बघत होती. "असू दे. मला आठवला तो चेहरा."

दादाने कागद चिमट्याने उचलला, दुसऱ्या ट्रेमध्ये घातला आणि मग दिवा लावला.

माझ्या सहा पट्ट्या आता कागदी पाकिटात आहेत. पाकिटावर दादाने दोन तारखा घातल्या आहेत. ज्या कुणाच्या हाती हे पाकीट पुढे कधी येईल, त्याने मला कडांना धरावं, बोटं मध्ये लावू नयेत, आणि मी खाली देतो ती नोंद माझ्या फ्रेमशी ताडून बघावी.

तीन, आठ, अकरा, सतरा: वडील आहेत, पाठमोरे किंवा चेहरा झाकलेला. मुलगी समोर.

एकोणतीस, चौतीस: वडील नाहीत. मुलगी समोर.

बावीस: वडील बाकावर, उजवीकडे, चेहरा समोर, डोळे उघडे. मुलगी डावीकडे, पाठमोरी.